सुरक्षा कोणाची?

(संघटनेच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



'अरब देशांतील राजकीय बदल आणि त्या प्रदेशाची सुरक्षा' हा विषय पाहून काल एका मैत्रिणीने मला विचारले, "ताई, आपल्याकडचे प्रश्न संपले का?" प्रश्न रास्त आहे. रेशन, दारू, पोटगी, टाकलेल्या बायका हे सगळे समोर असताना कैरो आणि खार्टूमकडे कशाला जायचे? माझे उत्तर असे, की 'सुरक्षा' हा शब्द आपल्या सगळ्यांच्याच मानगुटीवर बसलेला आहे. मुलीची शाळा सुटते ती सुरक्षेसाठी, तिचे लग्न लवकर लागते ते सुरक्षेसाठी, आणि सरकार मोर्चाला परवानगी नाकारते तेही सुरक्षेसाठीच. गेल्या पंधरा वर्षांत अरब देशांतील बायकांनी या शब्दाची जी किंमत मोजली, ती समजून घेतली तर आपल्यालाही काही उमगेल.

आधी थोडा घटनाक्रम. १७ डिसेंबर २०१० रोजी ट्युनिशियातील सिदी बूझिद या गावात मोहंमद बुअझिझी या फळविक्रेत्याने स्वतःला पेटवून घेतले. त्याचा माल जप्त करणारी पालिकेची कर्मचारी बाई होती. तिने त्याला थप्पड मारली, अशी बातमी पसरली. तिने ते नाकारले, तरी तिला काही महिने कोठडीत काढावे लागले आणि एप्रिल २०११ मध्ये ती निर्दोष सुटली. बेकारी, महागाई, पोलिसांची दडपशाही ही कारणे होतीच, पण लोकांच्या तोंडी राहिली ती 'बाईने मारलेली थप्पड'. १४ जानेवारी २०११ रोजी तेवीस वर्षे राज्य करणारा बेन अली सौदी अरेबियात पळाला. ११ फेब्रुवारीला इजिप्तचा मुबारक गेला. पाठोपाठ लिबिया, येमेन, बहारीन आणि सीरिया पेटले. २०१९ मध्ये सुदान, अल्जेरिया, इराक, लेबनॉन इथे लोक पुन्हा रस्त्यावर आले.

या सगळ्या आंदोलनांत बायका होत्या. नुसत्या मागे उभ्या नव्हत्या, तर घोषणा देत, जखमींवर मलमपट्टी करत, रात्रभर चौक राखत होत्या. येमेनच्या तवक्कुल करमान यांना २०११ चे शांततेचे नोबेल मिळाले. पण राजवट पडल्यावर पहिला सौदा कशाचा झाला, ते पाहा.

ऑक्टोबर २०११ मध्ये लिबियाच्या मुक्तीची घोषणा झाली. त्या भाषणातच नव्या सत्तेच्या प्रमुखांनी दुसऱ्या लग्नावर बंधने घालणारा कायदा शरियतविरोधी असल्याचे जाहीर केले. घटना नाही, निवडणूक नाही, शस्त्रे कोणी गोळा केलेली नाहीत, पण बायकोच्या संमतीची अट मात्र आधी काढायची! इजिप्तमध्ये ८ मार्च २०११ रोजी तहरीर चौकात निघालेल्या महिला दिनाच्या मोर्चावर पुरुषांच्या जमावाने हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी लष्कराने चौक रिकामा केला आणि अटक केलेल्या काही बायकांची 'कौमार्य चाचणी' केली. लष्कराचे समर्थन काय? तर सैनिकांवर पुढे बलात्काराचा आरोप येऊ नये म्हणून. म्हणजे सुरक्षा बाईची नव्हे, बाईपासून लष्कराची! समीरा इब्राहीम या तरुणीने कोर्टात दाद मागितली. डिसेंबर २०११ मध्ये प्रशासकीय न्यायालयाने अशा चाचण्या बेकायदा ठरवल्या, पण मार्च २०१२ मध्ये लष्करी न्यायालयाने संबंधित डॉक्टरला सोडून दिले.

नंतर त्याच चौकात बायकांवर सामूहिक हल्ले होऊ लागले, तेव्हा २०१३ च्या सुरुवातीला वरिष्ठ सभागृहातील काही सदस्यांनी दोष दिला तो तिथे जाणाऱ्या बायकांनाच. तरुण मुलामुलींनी स्वतःची पथके काढून गर्दीतून बायकांना बाहेर ओढले. पुढे जुलै २०१३ मध्ये लष्कराने निवडून आलेल्या मोर्सी सरकारला हटवले. धर्मांध सत्तेला वैतागलेल्या अनेक पुरोगामी बायकांनी त्याचे स्वागत केले. त्यांना दोष देणे सोपे आहे. मीही त्या जागी असते तर काय केले असते, सांगता येत नाही. पण तेच लष्कर नंतर स्त्री-संघटनांवर घसरले. परदेशी पैशाच्या चौकशीखाली मोझ्न हसन यांच्यासारख्या कार्यकर्तीला देशाबाहेर जायची बंदी झाली आणि २०१७ मध्ये त्यांच्या 'नझरा' या संस्थेची मालमत्ता गोठवली गेली.

इथे आणखी एक धडा आहे. मुबारकच्या काळात बायकांसाठी काही कायदे झाले होते. २००० साली बाईला घटस्फोट मागण्याचा मार्ग थोडा सोपा झाला, २००९ मध्ये संसदेत ६४ जागा राखीव झाल्या. पण हे कायदे 'सुझानबाईंचे कायदे', म्हणजे हुकूमशहाच्या बायकोचे कायदे, म्हणून ओळखले गेले. मुबारक गेल्यावर राखीव जागा गेल्या आणि पुढच्या संसदेत बायका जेमतेम दोन टक्के उरल्या. वरून मिळालेला हक्क वरच्याबरोबर जातो.

ट्युनिशियात चित्र थोडे वेगळे दिसले. तिथेही १९५६ चा कुटुंब कायदा बुर्गिबा यांनी वरूनच दिला होता. त्याने बहुपत्नीत्व बंद केले. पण बेन अलीच्या काळातही तिथे सरकारी छत्राबाहेरच्या स्त्री-संघटना टिकून होत्या. २०११ च्या निवडणुकीत उमेदवारांच्या याद्यांत एक बाई, एक पुरुष असा क्रम सक्तीचा झाला. निवडून आलेल्या बायकांपैकी बहुतेक एन्नहदा या इस्लामी पक्षाच्या होत्या. याचा अर्थ बाई निवडून आली म्हणजे स्त्रीवादी निवडून आली असा होत नाही, हे आपण पंचायतीतून शिकलो आहोतच. २०१२ मध्ये घटनेच्या मसुद्यात बाई पुरुषाला 'पूरक' आहे असा शब्द आला. १३ ऑगस्टला हजारो बायका रस्त्यावर उतरल्या आणि तो शब्द गेला. २०१४ च्या घटनेत निवडून आलेल्या सभागृहांत समान वाट्यासाठी प्रयत्न करण्याची हमी आली, २०१७ मध्ये हिंसाचारविरोधी कायदा झाला.

तरी तिथेही घड्याळ मागे फिरले. जुलै २०२१ मध्ये अध्यक्ष कैस सईद यांनी संसद गोठवली आणि ऑक्टोबरमध्ये नजला बूदन यांना अरब जगातील पहिली स्त्री पंतप्रधान नेमले. जगाने टाळ्या वाजवल्या. २०२२ च्या निवडणूक कायद्यातून स्त्रीपुरुष समान याद्यांची तरतूद गेली, आणि २०२३ मध्ये बूदन यांनाही काढून टाकण्यात आले. खुर्चीवर बाई आणि हाती काहीच नाही, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

आता प्रदेशाच्या सुरक्षेकडे येऊ. मार्च २०११ मध्ये बहारीनचे आंदोलन मोडायला सौदी अरेबियाने सैन्य पाठवले, सबब 'आखाताचे स्थैर्य'. लिबियात गद्दाफी पडल्यावर त्याच्या कोठारांतील शस्त्रे वाळवंट ओलांडून मालीपर्यंत गेली. २०१२ मध्ये उत्तर माली सशस्त्र गटांच्या हाती गेला आणि तिंबक्तूच्या बायका बुरख्याच्या सक्तीखाली आल्या. सीरियात रशिया, इराण, तुर्कस्तान, अमेरिका सगळेच 'सुरक्षेसाठी' उतरले. असद राजवट ८ डिसेंबर २०२४ रोजी पडली, पण तोवर अर्ध्याहून अधिक देश घराबाहेर होता. जॉर्डनमध्ये नोंदल्या गेलेल्या सीरियन विवाहांत अठरा वर्षांखालील मुलींचे प्रमाण २०११ साली सुमारे १२ टक्के होते, ते २०१३ मध्ये २५ टक्क्यांवर गेले. बापांना विचारले तर ते म्हणत, छावणीत मुलगी सुरक्षित नाही. राज्यकर्त्यांची सुरक्षा आणि बापाची सुरक्षा यांत शेवटी भरडली जाते ती पंधरा वर्षांची पोर.

माझा मुख्य मुद्दा सुदानवरून स्पष्ट होईल. तिथे बायका पुढे होत्या, कारण पॅन्ट घातली म्हणून फटके मारणारा सार्वजनिक शिस्तीचा कायदा त्यांच्या पाठीवर होता. ११ एप्रिल २०१९ रोजी अल-बशीर गेला. ३ जूनला खार्टूममध्ये ठिय्या देऊन बसलेल्या लोकांवर सशस्त्र दलांनी हल्ला केला. शंभराहून अधिक माणसे मेली, बायकांवर बलात्कार झाले. या हल्ल्यात 'शीघ्र मदत दल' आघाडीवर होते. हे दल दारफूरमध्ये गावे जाळणाऱ्या टोळ्यांतूनच उभे राहिलेले. त्याच्या प्रमुखाला शिक्षा झाली का? नाही. स्थैर्य हवे म्हणून देशोदेशीच्या मध्यस्थांच्या संमतीने तोच संक्रमणकालीन सत्तेत दुसऱ्या क्रमांकावर बसला. अकरा जणांच्या त्या मंडळात बायका दोन. नोव्हेंबर २०१९ मध्ये फटक्यांचा कायदा गेला, २०२० मध्ये मुलींची सुंता गुन्हा ठरली. हे खरे यश होते. पण २०२१ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि १५ एप्रिल २०२३ रोजी हेच दोन बंदूकवाले एकमेकांवर तुटून पडले. एक कोटीहून अधिक लोक विस्थापित झाले, चाड, इजिप्त, दक्षिण सुदानवर निर्वासितांचा भार पडला.

ज्यांनी २०१९ मध्ये बायकांवर हात टाकला त्यांना तेव्हाच रोखले असते, तर २०२३ चे युद्ध कदाचित टळले असते. 'बायकांचे प्रश्न नंतर पाहू, आधी स्थैर्य' असे म्हणणाऱ्यांना ना स्थैर्य मिळाले, ना बायकांचा प्रश्न सुटला. बाईवरचा अत्याचार खपवून घेणारी शांतता ही युद्धाची पूर्वसूचना असते, असे मला वाटते.

आपला संबंध इथे येतो. कोकणातल्या कितीतरी घरांत चूल आखाताच्या पैशावर पेटते. १९९० मध्ये कुवेतवर आक्रमण झाले तेव्हा पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना परत आणावे लागले. २०१५ मध्ये येमेनमधून साडेचार हजारांहून अधिक. घरकामाला गेलेल्या बाईचा परवाना मालकाच्या नावाशी जखडलेला. युद्ध सुरू झाले तर तिने कोणाचे दार ठोठवायचे?

आणि एक सावधगिरी. अरब बाईची कहाणी आपल्या शेजारच्या मुसलमान बाईला हिणवायला वापरली जाते. आपण तसे होऊ देऊ नये. मी सांगितलेल्या प्रत्येक लढ्यात तिथल्या बायकाच होत्या. सुदानच्या मोहल्ल्यांत युद्धातही सामूहिक स्वयंपाकघरे चालवणारे लोक आहेत. सुरक्षेचा खरा अर्थ मला तिथे दिसतो.

गटचर्चेसाठी तीन प्रश्न ठेवते. आपल्या गावात 'सुरक्षा' म्हणून बाईवर कोणती बंधने येतात? ती कोणाच्या सोयीची असतात? आणि समझोत्याच्या बैठकीत आपल्याला खुर्ची मिळालीच, तर कोणती अट आपण कदापि सोडणार नाही? तिसऱ्या प्रश्नावर वेळ द्या. कैरो आणि खार्टूमच्या मैत्रिणींना तो ठरवायला वेळ मिळाला नव्हता.