रविवारची सकाळ आणि आपलं ग्वाल्हेर
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेलं भाषण)



मे महिन्यात आपण पुण्याला जातो, कोकणात जातो, वाटेत सिंहगड आणि जमलं तर रायगडही करतो. तिथून परतलो की पुढच्या सुट्टीपर्यंत घर आणि नोकरी. मग पुण्याचा पाहुणा येतो, "तुमचा किल्ला दाखवा हो" म्हणतो, आणि आपण गाइड शोधायला धावतो!

म्हणून आम्ही लष्करातली पाच-सहा कुटुंबं दोन वर्षं एक नेम पाळतो आहोत. महिन्यातला एक रविवार, सकाळची वेळ, एकच ठिकाण आणि जेवायला घरी. मोठ्या प्रवासासारखं रजा, रिझर्व्हेशन काही लागत नाही.

किल्ल्याच्या पूर्वेकडच्या चढावर चतुर्भुज मंदिर आहे, एकाच खडकात कोरलेलं. लहानसंच आहे, त्यामुळे लोक पुढे निघून जातात. तिथला शिलालेख विक्रम संवत 933 चा, म्हणजे इसवी सन 876 चा. देवाच्या फुलबागेचं माप त्यात दिलंय, 270 हात आणि 187 हात. शिवाय देवाला रोज 50 माळा. यातलं 270 चं आणि 50 चं शून्य छोट्या गोलासारखं, अगदी आपण आज लिहितो तसं. मुलांना आम्ही एवढंच म्हटलं, "शून्य शोधा." गणिताला कंटाळणारी पोरं भिंतीला नाक लावून उभी राहिली.

दुसरा रविवार फुलबागेत, राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपाशी. तिथे एका मुलीने विचारलं, "तेव्हा आपण कोणाच्या बाजूला होतो?" प्रश्न सोपा नाही. जून 1858 मध्ये राणीसाहेब आणि तात्या टोपे ग्वाल्हेरवर आले, तेव्हा जयाजीराव शिंदे इंग्रजांच्या बाजूला होते. त्यांचं सैन्य मात्र फुटून राणीसाहेबांना मिळालं आणि महाराजांना आग्र्याला जावं लागलं. पुढे किल्ला इंग्रजांकडेच राहिला. 1886 मध्ये तो शिंद्यांना परत मिळाला, तो झाशीच्या बदल्यात. म्हणजे मराठी माणसं दोन्हीकडे होती. आम्ही मुलीला तसंच सांगितलं. मुलांना कळतं, त्यांच्यापासून लपवू नये.

तिसरं ठिकाण हजिऱ्याचं. महंमद गौस यांच्या मोठ्या मकबऱ्याशेजारी तानसेनांची साधी कबर आहे. तिथे बसून मुलांना सांगावं, की बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरची गायकी शिकले आणि त्यांनी ती महाराष्ट्रात नेली. विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांचेच शिष्य. आपण महाराष्ट्रातून काय आणलं, हे नेहमी बोलतो. इथून काय दिलं, हेही बोलू या.

हे सगळं कशासाठी? आपली मुलं शिकायला, नोकरीला बाहेर चालली आहेत. पुण्यात त्यांना ग्वाल्हेरचे म्हणतात, ग्वाल्हेरात मराठी म्हणतात. "तुम्ही नक्की कुठले?" या प्रश्नाला त्यांच्याजवळ उत्तर हवं. दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये इथे तळ दिला, त्या छावणीचंच लष्कर झालं. दोनशे वर्षांहून जास्त काळ आपण इथले आहोत. शिंदे की छावनी, दौलतगंज, जनकगंज ही नावं आपण रोज रिक्षावाल्याला सांगतो. त्यांच्यामागची माणसं मुलांना ठाऊक असली, तर उत्तर आपोआप येईल.

आणखी एक विनंती. जाताना घरातल्या एखाद्या आजी-आजोबांना बरोबर न्या आणि एक वही ठेवा. कोणता वाडा कोणाचा, कोणत्या आळीत कोणाचा गणपती बसायचा, हे कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नाही. वाडे पडताहेत, सांगणारेही थोडे उरलेत. किल्ला पुढच्या वर्षीही तिथेच असेल, आजींचं तसं नाही.

अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही चतुर्भुज मंदिराशी जमणार आहोत. पाण्याची बाटली घ्या, चढ आहे, चपलेऐवजी बूट घाला. बारापर्यंत घरी पोचाल, वरणभात गरम मिळेल.

गणपती बाप्पा मोरया!