कांदा मुद्दल, फूल व्याज

फाल्गुन आला की आपल्या रानात पळस फुलतो, पांगारा फुलतो, काटेसावर फुलते. झाडावर पान नसतं आणि फुलं मात्र लांबून दिसतात. आज आम्ही वसंतातल्याच एका फुलाबद्दल बोलणार आहोत. ते आपल्याकडचं नाही, तुर्कस्तानच्या डोंगरातलं आहे. इतक्या लांबचं फूल आपल्या गटांना कशासाठी, असं तुम्ही म्हणाल. त्या फुलाचा कांदा खणून विकण्यावर तिथल्या डोंगरातल्या गरीब घरांची वरकमाई होती. त्या कांद्याचं पुढे काय झालं, ते रानातून कंद आणणाऱ्या प्रत्येक बाईनं ऐकण्यासारखं आहे.

इंग्रजीत या फुलाला स्नोड्रॉप म्हणतात. तुर्की भाषेत नाव आहे कारदेलेन, म्हणजे बर्फ भेदून वर येणारी. रोप फार तर वीतभर. लसणासारखी दोन पाती, एक दांडा आणि त्यावर मान खाली घातलेलं एकच पांढरं फूल. बाहेर तीन मोठ्या पाकळ्या, आत तीन लहान, आणि आतल्या पाकळ्यांवर हिरवी खूण. आपल्या अंगणातला सुदर्शन याच कुळातला. नाव इतकं लाडकं, की २००० साली तिथे गरीब घरच्या मुलींच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती सुरू झाली तिलाही याच फुलाचं नाव दिलं. कठीण जमिनीतून वर येणाऱ्या मुली, असा त्याचा अर्थ.

आता हे रोप जगतं कसं ते बघा. थंड मुलखात हिवाळ्यात जंगलातल्या झाडांची पानं गळतात. थंडी सरत आली की जमिनीपर्यंत ऊन पोहोचतं. झाडांना पुन्हा पालवी फुटून सावली व्हायच्या आत या रोपाला सगळं उरकायचं असतं. पात वाढवायची, फूल काढायचं, बी धरायचं आणि पुढच्या वर्षाची शिदोरी कांद्यात साठवायची. उन्हाळा लागला की पात वाळते. वर काहीच दिसत नाही, पण खाली कांदा झोपलेला असतो. आपल्याकडे अशा रोपांना पाऊस उठवतो. पहिल्या पावसात माळावर, कातळाच्या कडेला कुळूची भाजी वर येते, कुणी तिला फोडशी म्हणतं. पावसाळा सरला की तीही दिसेनाशी होते. ती मेलेली नसते, मातीत असते.

इंग्लंडसारख्या देशात हिवाळा लांबलचक. म्हणून थंडीतून वर येणारं पहिलं फूल तिथल्या लोकांना फार प्रिय. काही जण झाडांच्या सावलीत बाग करतात, काही जण दगड रचून त्यांच्या फटींत डोंगरातली छोटी रोपं लावतात. या बागांत स्नोड्रॉप हवाच, सोबत सायक्लेमेन, अ‍ॅनिमोन अशी कंदाची फुलंही हवीत. हौस किती असावी? २०२२ साली पिवळ्या खुणेच्या एका दुर्मीळ वाणाचा एकच कांदा १,८५० पौंडांना विकला गेला. आपल्या पैशांत हे पावणेदोन लाखांच्या वर जातं. तो बागेतला खास वाण होता, साधा कांदा स्वस्तच असतो. पण साध्या कांद्यांची मागणी कोटींत होती, आणि खरी अडचण तिथेच झाली.

१९८० च्या दशकात तुर्कस्तानच्या टॉरस डोंगरातून आणि आसपासच्या मुलखातून दर वर्षी कोट्यवधी कांदे खणून परदेशी जात होते. गावातली माणसं खणायची, गावचा दलाल वजनावर घ्यायचा, त्याच्याकडून निर्यातदार आणि निर्यातदाराकडून हॉलंडचा व्यापारी. तिथून पाकिटं भरून ते दुकानांत जायचे. विकत घेणाऱ्या बाईला वाटायचं, कुठल्यातरी शेतात पिकवलेला कांदा असेल. तो रानातून उपटलेला आहे, हे पाकिटावर कुठेच लिहिलेलं नसायचं. या साखळीत सगळ्यात कमी पैसा कुणाच्या हातात पडत असेल, हे तेंदूपत्ता आणि हिरडा विकणाऱ्या आपल्या बायांना सांगायला नको.

रान रिकामं व्हायला वेळ लागत नाही. या फुलाचं बी मुंग्या ओढून नेतात आणि तिथे ते रुजतं. पण बी रुजल्यापासून फूल येईपर्यंत तीन ते पाच वर्षं जातात. खणणारा माणूस मात्र दर वर्षी येतो.

१९९० पासून स्नोड्रॉपचा समावेश साईट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत झाला. रानटी झाडं आणि प्राणी यांच्या व्यापारावर लक्ष ठेवणारा हा करार आहे, आपला देशही त्यात आहे. त्यानंतर परवान्याशिवाय हे कांदे देशाबाहेर पाठवता येईनात आणि वर्षाला किती पाठवायचे याची मर्यादा ठरू लागली. पण नुसत्या बंदीनं खणणाऱ्याच्या घरची चूल पेटत नाही. म्हणून १९९० च्या दशकात ब्रिटनची एक निसर्गसंस्था आणि तुर्कस्तानची एक संस्था यांनी टॉरसच्या गावांत वेगळं काम सुरू केलं. रानात खणण्याऐवजी गावकऱ्यांनी आपल्याच जमिनीच्या तुकड्यात कांदे लावायचे, वाढवायचे आणि वाढलेले विकायचे.

यातला हिशेब आपल्या गटाच्या भाषेत मांडू. समजा तुमच्याकडे १०० कांदे आहेत आणि दोन वर्षांत एका कांद्याचे दोन होतात. रानातून आणले आणि विकले, तर १०० कांद्यांचे पैसे एकदाच आले, खातं बंद. तेच लावले, तर दोन वर्षांनी २०० आणि चार वर्षांनी ४००. आता दर दोन वर्षांनी निम्मे, म्हणजे २०० विकले, तरी २०० मातीत राहतात आणि पुन्हा ४०० होतात. कांदा हे मुद्दल आहे. फूल, पान, बी आणि वाढलेली पिल्लं हे व्याज. मुद्दल मोडून सण साजरा केला तर काय होतं, हे कर्जाची वही लिहिणाऱ्या आपल्या सचिवताईंना विचारा.

वाढवायचे कसे, तेही ऐका. एक तर कांद्याला बाजूनं पिल्लं येतात, ती सोडवून लावायची. फुलं संपल्यावर पात हिरवी असतानाच गड्डा काढून वेगळा करण्याची तिथे रीत आहे. दुसरी रीत कारागिरीची. स्वच्छ सुरीनं कांद्याच्या उभ्या फोडी करायच्या, पण प्रत्येक फोडीला तळाची चकती थोडी तरी राहिलीच पाहिजे. मुळं फुटतात ती चकतीपासून आणि नवे छोटे कांदेही तिच्यापाशीच धरतात. चकती नसलेली फोड सडते. आणि एक सांगून ठेवतो, हा कांदा विषारी आहे, खायचा नाही.

चकतीची गोष्ट आपल्या ओळखीची आहे. सफेद मुसळी घ्या. तिचं शास्त्रीय नाव आपल्या मुंबईच्या बोरिवलीवरून पडलं आहे. लावताना मुसळीच्या बोटाला वरच्या गड्ड्याचा, म्हणजे डोळ्याचा तुकडा असावा लागतो. नुसतं बोट मातीत घातलं तर उगवत नाही. रानातून मुसळी काढताना गड्ड्यासकट सगळं ओढून नेलं, तर पुढच्या पावसात त्या जागी गवतच. दोन बोटं काढून गड्डा दोन बोटांसह परत मातीत बसवला, तर ती जागा जिवंत राहते.

हिमालयात नागछत्री नावाचं एक रोप आहे. तेही वसंतात, झाडांच्या सावलीत फुलणारं. तीन पानं, मधे एक फूल. त्याच्या परदेशी बहिणी लोक हौसेनं बागेत लावतात, आणि आपल्याकडची मात्र औषधी कंदासाठी खणली जाते. वाढ फार हळू, बाजारभाव मोठा, म्हणून चोरून खणणंही मोठं. आज ती जगात धोक्यात आलेल्या वनस्पतींच्या यादीत आहे. म्हणजे तुर्कस्तानात घडलं ते आपल्या देशातही घडतंय.

मग आपण काय करायचं? २००६ च्या वनहक्क कायद्यानं जंगलात राहणाऱ्या आपल्या लोकांना गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. त्याच कायद्यानं जंगल राखण्याचा अधिकारही ग्रामसभेला दिला आहे. हक्क आणि राखण एकाच कागदावर आहेत. म्हणून कुणी व्यापारी गावात येऊन अमुक कंद किलोनं घेतो म्हणाला, तर होकार देण्याआधी गटात चार प्रश्न विचारा. आपण विकतोय ते पान, फूल, फळ आहे, की जमिनीखालचा कंद? काढल्यावर मातीत काय उरेल, आणि त्यातून ते पुन्हा वाढेल का? वाढायला किती वर्षं लागतील? आणि परसात किंवा बांधावर ते आपल्याला लावता येईल का?

लावायचं ठरलं, तरी गटाच्या पैशांना जपा. महाग बेणं गळ्यात मारून माल आम्हीच घेऊ म्हणणारे पुष्कळ भेटतात. करार कागदावर हवा, आणि दुसरा गिऱ्हाईकही आधी बघून ठेवायला हवा. सुरुवात एका वाफ्यापासून करा. एक पावसाळा बघा, मगच वाढवा.

या महिन्याच्या बैठकीत एवढं एक काम करा. गटातल्या सगळ्यात वयस्क मावशींना मधे बसवा. त्यांच्या माहेरच्या आणि सासरच्या रानात पूर्वी कुठले कंद मिळायचे, ते विचारा. नावं वहीत लिहा. त्यांतले आज कुठले दिसत नाहीत, त्यांच्यापुढे खूण करा. जे अजून आहेत त्यांतला एक निवडा, आणि येत्या मृगात त्याची चार रोपं कुणाच्या तरी परसात लागलेली असू द्या. ती वही ग्रामसभेला घेऊन जा. खूण केलेली नावं तिथे मोठ्यानं वाचून दाखवा.