मधुमेह आणि दृष्टिरक्षण

मधुमेह डोळ्यांवर आघात करतो तो निःशब्दपणे. रक्तातील वाढलेल्या साखरेने दृष्टिपटलातील सूक्ष्म रक्तवाहिन्या दुर्बल होऊन झिरपू लागतात. पुढे नव्याने फुटलेल्या नाजूक वाहिन्यांतून रक्तस्राव होतो. आरंभी वेदना नसते, दृष्टीही स्वच्छ असते. म्हणूनच रुग्ण गाफील राहतो. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे दृष्टिपटलाची तपासणी नव्हे. प्रौढपणी सामान्यतः आढळणाऱ्या टाइप २ मधुमेहाचे निदान होताच, आणि त्यानंतर दरवर्षी, डोळ्यांत थेंब घालून बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासून घ्यावे. लेसर, डोळ्यातील इंजेक्शन वा शस्त्रक्रिया यांनी उरलेली दृष्टी राखता येते. गेलेली पूर्णपणे परतेलच असे नाही. साखर व रक्तदाब नियंत्रणात ठेवावेत आणि उत्तम दिसत असतानाच तपासणीस जावे.