गाडीचे गाऱ्हाणे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तंजावर येथे केलेले भाषण)



व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास येथे मराठी राज्याचा पाया घातला, १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरला गेला, सरफोजी महाराजांनी सरस्वती महालाचे वैभव वाढविले. अशा थोर विषयांवर बोलणारे विद्वान या व्यासपीठावर येऊन गेले. त्यांच्या मागोमाग आम्ही मोटारीच्या ब्रेकवर बोलावयास उभे राहत आहोत, याचा संकोच वाटतो. परंतु चिटणीसांनी 'अनुभवाचे काही बोला' असे सांगितले, आणि गेल्या काही वर्षांत ब्रेकइतका महाग अनुभव आम्ही दुसऱ्या कशाचाच घेतलेला नाही.

आमच्या गाडीचे पुढचे ब्रेक झिजले तेव्हा अधिकृत दुकानातील किंमत ऐकून आम्ही काढता पाय घेतला. गावातल्याच एका दुकानदाराने डिस्क आणि पॅड असा संच निम्म्याहून कमी दरात बसवून दिला. 'स्वस्त ते मस्त' असे म्हणत आम्ही घरी आलो. आठवडाभरातच गाडी किंचाळू लागली. कीळ राजवीदीत ब्रेकवर पाय ठेवला की फुले विकणाऱ्या बाया माना वळवून पाहात. हॉर्न वाजविण्याची गरजच उरली नाही. आमच्या मातोश्री म्हणाल्या, "तू येतोस ते घरात बसून कळते रे, पुढे नागस्वर वाजत असतो." दुकानदाराकडे गेलो, तर तो हसून म्हणाला, "ओट्टिना सरियायिडुम." म्हणजे चालवा, आपोआप नीट होईल. आम्ही चालविली. नीट काही झाले नाही; आमच्या कानांना सवय मात्र झाली.

इथेच आमची चूक झाली.

आठ महिन्यांनी मातोश्री, आमच्या सौभाग्यवती आणि नातू यांना घेऊन आम्ही कोडाईकनालला गेलो. परतताना बत्तलगुंडूच्या बाजूस घाट उतरू लागलो. ब्रेक नेहमीप्रमाणे ओरडत होता, म्हणून आम्ही गाण्याचा आवाज वाढविला. काही वळणांनंतर सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, आज आवाज वेगळा आहे." खरोखरच तो वेगळा होता. किंकाळी थांबली होती आणि लोखंडावर लोखंड घासावे तशी खरखर सुरू झाली होती. पुढच्या वळणावर पाय नेहमीपेक्षा जोराने दाबावा लागला, आणि जळका वास आला. मागे नातू आजीच्या मांडीवर झोपला होता. उजवीकडे दरी होती. त्या दोन-चार क्षणांत आम्हांस किती देव आठवले, ते सांगत नाही.

गाडी कडेला घेतली, चाके थंड होऊ दिली, आणि मग दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्याच ओढीवर, मुंगीच्या पावलाने खाली उतरलो. बत्तलगुंडूच्या एका वृद्ध मेकॅनिकने चाक काढून दाखविले. बाहेरच्या पॅडचा मसाला निम्मा शिल्लक होता. आतल्या पॅडचा मसाला संपून मागची लोखंडी पट्टी डिस्कला घासत होती. डिस्कवर नांगरल्यासारख्या चऱ्या पडल्या होत्या. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या कोरड्या पडून जाम झाल्या होत्या. नवा संच बसविताना त्यांना ग्रीस लावलेच नव्हते. त्यामुळे सारा भार एकाच पॅडवर येत होता.

मंडळी, लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराची गोष्ट आपण मुलांना सांगतो. आमच्या घरी ती उलटी घडली. आठ महिने खोटे ओरडणारा ब्रेक आम्ही सोसला आणि खरा लांडगा आला त्या दिवशी गाणे मोठे केले. मोठ्या आवाजाने त्रास होतो, हे खरे. परंतु त्याहून मोठा धोका असा की त्याची सवय होते, आणि मग सूचनेचा आवाज त्यातच बुडून जातो.

त्या दिवसापासून आम्ही या विषयाचा अभ्यास आरंभिला. ब्रेक ओरडतो का, याचे उत्तर तंजावरकरांना सहज समजण्यासारखे आहे. सरफोजी महाराजांच्या दरबारातील चौघा प्रसिद्ध भावांपैकी वडिवेलु यांनी कर्नाटक संगीतात व्हायोलिन रुजविण्यास मोठा हातभार लावला. व्हायोलिनचा गज तारेला क्षणभर धरतो, तार निसटते, पुन्हा धरली जाते, आणि त्या धरसोडीतून स्वर उमटतो. पॅड आणि डिस्क यांचे नाते बरेचसे याच जातीचे आहे. धरसोड सेकंदाला हजारो वेळा होते आणि ओतीव लोखंडाची डिस्क काशाच्या थाळीसारखी वाजू लागते. वाजणारी थाळी हाताने धरली की नाद थांबतो. पॅडच्या पाठीला लावलेला पातळ पत्रा, ज्याला शिम म्हणतात, तो हेच काम करतो. हलक्या संचात बहुधा हा पत्राच गाळलेला असतो, पॅडच्या कडा तासलेल्या नसतात, आणि मसाला फार कठीण असतो.

हे दुखणे नवे नाही. इंग्लंडमधील लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले, तेव्हा त्यात तांब्याच्या पट्ट्या धातूच्या चकतीवर घासत आणि असह्य किंचाळी निघे. पुढे अ‍ॅस्बेस्टॉसचे अस्तर आले आणि आवाज निवला; त्या अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांना घातक असते, हे जगाला फार उशिरा उमगले. म्हणून जुन्या ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवू देऊ नये. ओल्या फडक्याने पुसावी. शांततेचीही किंमत मोजावी लागते, ती अशी.

आता आवाजांची पारख. ऐप्पसी-कार्तिकेच्या पावसात गाडी रात्रभर उभी राहिली, की सकाळी पहिल्या दोन-चार वेळा घसघस होते. तो डिस्कवरचा गंज असतो, आपोआप जातो, चिंता नको. हलक्या दाबावर बारीक किंकाळी येत असेल, तर बहुधा मसाला, शिम किंवा ग्रीस यांचा दोष असतो. धोका तातडीचा नसला तरी आठवड्यात चाक काढून पाहावे. काही पॅडना एक लवचीक पत्ती असते. मसाला संपत आला की ती डिस्कला टेकून शिटी वाजविते. ती शिटी म्हणजे तार आली असे समजावे. आणि खरखर ऐकू आली, तर त्याच जागी थांबावे.

उपाय फार खर्चाचे नाहीत. पॅडचा मसाला तीन मिलिमीटरवर आला की बदलावा. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. त्याखाली गेलेली डिस्क लेथवर घासून घेणे म्हणजे स्वतःची फसवणूक. नव्या डिस्कवरचे गंजरोधक तेल पूर्ण पुसावे. कॅलिपरच्या पिनांना उष्णता सोसणारे ग्रीस लावावे. पॅडच्या पाठीला लावल्यास थोडेच, आणि मसाल्याच्या तोंडाला मुळीच नाही. मग पहाटे मोकळ्या रस्त्यावर ताशी पन्नासवरून दहापर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा वेग उतरवावा, आणि मध्ये ब्रेक थंड होऊ द्यावा. यालाच पॅड बसविणे म्हणतात. आमच्या दुकानदाराच्या बोलण्यात एवढा अंश खरा होता. पण चालविण्याची रीत त्याने सांगितली नाही आणि आम्ही विचारली नाही.

बाहेरचा माल सगळाच वाईट, असेही आम्ही म्हणत नाही. चेन्नईच्या पाडी भागातला ब्रेक्स इंडिया हा कारखाना १९६२ चा आहे. असे कारखाने मोटार कंपन्यांनाही माल देतात आणि बाजारातही विकतात. प्रश्न डब्यावर कोणाचे नाव आहे आणि त्या नावामागे कोणी उभे आहे का, एवढाच. पावती न देणारा ब्रेकही देऊ शकत नाही, असा आमचा अनुभव आहे.

बंधुभगिनींनो, या प्रांताला ब्रेकचे महत्त्व कोणी शिकवावयास नको. २०१५ मध्ये बृहदीश्वराचा रथ सुमारे शंभर वर्षांच्या खंडानंतर राजवीदींतून फिरला. शेजारच्या तिरुवारूरचा रथ तर त्याहून प्रचंड. ज्या त्यागेशावर आपल्या शहाजीराजांनी तेलुगूत पालखीसेवेचे काव्य रचले, त्याच देवाचा तो रथ. हजारो माणसे दोर ओढतात आणि साऱ्यांची नजर वर कळसाकडे असते. परंतु चाकापाशी वाकलेले काही मोजके लोक असतात. त्यांच्या हातात लाकडी पाचरी असतात; त्यांना 'मुट्टुक्कट्टै' म्हणतात. नेमक्या क्षणी पाचर चाकाखाली सरकवून ते रथ वळवितात आणि थांबवितात. तिरुवारूरच्या रथाला तिरुचिरापल्लीच्या भेल कारखान्याने हायड्रॉलिक ब्रेक बसविले, तरी पाचरवाल्यांचे काम संपलेले नाही. गंमत अशी, की तमिळमध्ये कामात खोडा घालणाऱ्या माणसालाही हाच शब्द वापरतात.

आपल्या मंडळाचा रथ पन्नास वर्षे चालला. दोर ओढणाऱ्यांचे सत्कार या ग्रंथात आहेत आणि ते योग्यच आहेत. परंतु वार्षिक सभेत उठून 'हिशेब पुन्हा पाहा', 'एवढा खर्च झेपेल का' असे विचारणारे सभासदही आपल्याकडे होते. आम्ही त्यांना खोडा म्हणत आलो, आणि त्यांच्या आवाजाची सवय करून घेतली. त्या घाटानंतर आम्हांस वाटते, की त्यांतले काही पाचर धरून वाकलेले होते. पुढच्या पन्नास वर्षांत त्यांचा आवाज ऐकू आला, तर गाणे मोठे करण्यापूर्वी एकदा चाक काढून पाहावे, एवढीच प्रार्थना.

आमच्या गाडीचा ब्रेक आता मुका आहे. मातोश्रींची तक्रार एवढीच, की आम्ही घरी आलेले कळत नाही.