धंदा आणि शेजारधर्म



गेल्या दिवाळीत मंडळाच्या चकल्यांची पाकिटे मी घाईने पिना मारून बंद केली. शेजारच्या वहिनींच्या नातवाच्या घासात त्यांतली एक पिन आली. थोडक्यात निभावले. वहिनी रागावल्या नाहीत. मला मात्र रात्रभर झोप नव्हती.

कायदा यालाच निष्काळजीपणा म्हणतो. १९२८ साली स्कॉटलंडमधील एका बाईंनी पेयाच्या बाटलीत गोगलगाय निघाल्याची तक्रार केली. बाटली विकत घेतली होती मैत्रिणीने. तरीही माल तयार करणाराची जबाबदारी तो माल खाणाऱ्यापिणाऱ्यापर्यंत पोचते, असा निकाल १९३२ साली लंडनला लागला. न्यायमूर्ती अ‍ॅटकिन यांनी त्यासाठी शब्द योजला तो ‘शेजारी’! आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही सदोष मालाची ही जबाबदारी आहेच.

दुसरी गोष्ट नावाची. गुलमंडीवर खपणाऱ्या नामांकित मसाल्यासारखेच नाव आपण घ्यावे, असे काही भगिनींनी सुचविले. पण पैठणीचेच पाहा ना. तिला भौगोलिक मानांकन आहे, तरी यंत्रावरची साडी पैठणी म्हणून विकली जाते आणि विणकराच्या पोटावर पाय येतो. तेच पाप आपण का करावे? आपले साधेच नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवू. नोंदणी १० वर्षे चालते, पुढे वाढविता येते.

तिसरी नीती. तळणीचे तेल किती वेळा वापरले, हे घेणाराला कळत नाही, आपल्याला कळते. तेवढे पुरे.

यंदा पिना नकोत. पाकीट बंद करताना वहिनींचा नातू आठवावा, एवढीच विनंती.