मालक कोण आणि हिशेब कोण पाहतो?

(मंडळाच्या सभासद मेळाव्यातील भाषण)



मी बँकेतला कारकून. मोठे अर्थशास्त्र सांगणे हा माझा अधिकार नाही. पण आपल्या घरांतला निवृत्तीचा पैसा आता मुदत ठेवीतून शेअर आणि म्युच्युअल फंडांकडे वळू लागला आहे. तेव्हा कंपनीचा कारभार हा आपल्याही घरचा प्रश्न झाला आहे. उदाहरणासाठी लांब जायला नको. ते आपल्या हैदराबादेतच घडले.

सत्यम कॉम्प्युटर! संचालक मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक आणि माजी कॅबिनेट सचिव, हिशेब तपासणीस जगप्रसिद्ध, शिवाय २००८ साली उत्तम कारभाराचा पुरस्कार. कागदावर उणे काहीच नव्हते. मालकीचे काय? प्रवर्तक राजू कुटुंबाकडे नऊ टक्क्यांहूनही कमी शेअर, त्यातले बरेच गहाण. सूत्रे मात्र सगळी त्यांच्याच हाती. ज्याचा पैसा थोडा आणि सत्ता पूर्ण, त्याला कंपनीपेक्षा घरच्या दुसऱ्या धंद्याचे भले आधी दिसते. १६ डिसेंबर २००८ रोजी संचालक मंडळाने याच कुटुंबाच्या दोन मेटास कंपन्या १६० कोटी डॉलरला घ्यायला मंजुरी दिली. सौदा अडवला तो या विद्वान संचालकांनी नव्हे, खवळलेल्या भागधारकांनी. काही तासांतच तो मागे घ्यावा लागला.

पुढे ७ जानेवारी २००९ ला रामलिंग राजूंनी पत्राने कबुली दिली की, रोख व बँकेतली ५,०४० कोटींची शिल्लक खोटी आहे. एका दिवसात शेअरची तीन चतुर्थांशाहून अधिक किंमत गेली.

बँकवाल्याला इथेच ठेच लागते. शिल्लक खरी की खोटी, हे पाहण्याची रीत साधी आहे. तपासणिसाने थेट बँकेला पत्र लिहायचे आणि बँकेने थेट त्यालाच उत्तर द्यायचे. सत्यममध्ये ही पत्रे पाठवणे आणि उत्तरे घेणे कंपनीच्याच हाती सोडले होते, असे अमेरिकी नियामकाने २०११ साली नोंदवले. म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या!

यानंतर नियम कडक झाले. प्रवर्तकांनी गहाण ठेवलेले शेअर जाहीर करणे २००९ पासून सक्तीचे आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना ठरावीक मुदतीनंतर तपासणीस बदलणे भाग पाडले आणि भागधारकांना एकत्र येऊन दाद मागण्याचा हक्क दिला. पण सत्यमकडे नियम नव्हते असे नाही, विचारणारा नव्हता.

म्हणून शेअर घेण्याआधी तीन गोष्टी पाहा: प्रवर्तकांचे किती शेअर गहाण आहेत, घरच्या कंपन्यांशी किती व्यवहार चालतात आणि तपासणिसाने अहवालात काय शेरा मारला आहे. वार्षिक अहवाल रद्दीत टाकू नका. मतदानाचा हक्क वापरा. आणि हीच सवय आपल्या पतपेढीच्या, आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेतही ठेवा. ताळेबंदावर प्रश्न विचारणे हा कोणाचा अपमान नव्हे, ते सभासदाचे कर्तव्य आहे.