काचेच्या पेटीतला सकर मासा



आजचा विषय दिसायला बोटभर आहे. पण तो हां हां म्हणता हातभर होतो, आणि सारा घोटाळा तिथेच आहे. हा विषय म्हणजे सकर मासा. इंग्रजीत त्याला प्लेको म्हणतात.

आता तालुक्याच्या गावीसुद्धा रंगीत माशांची दुकाने निघाली आहेत. कुणी घरात, तर कुणी शाळेच्या वर्गात काचेची पेटी मांडतो आणि तीत चार सोनेरी मासे सोडतो. तेव्हा दुकानदार हमखास म्हणतो, "गुरुजी, हा एक काळा सकरही घेऊन जा. काच साफ ठेवतो, आणि त्याला खायला काही घालावं लागत नाही." यातला पहिला भाग थोडासा खरा आहे. दुसरा मात्र मुळीच खरा नाही.

हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, अ‍ॅमेझॉन नदीच्या खोऱ्यातला. त्याच्या अंगावर खवल्यांऐवजी हाडांची कडक कवचे असतात. तोंड खालच्या बाजूला, वाटीसारखे. त्या तोंडाने तो दगडाला किंवा ओंडक्याला घट्ट चिकटतो आणि बारीक दातांनी शेवाळ खरवडून खातो. दिवसा सांदीत दडून बसायचे आणि रात्री चरायला निघायचे, हा त्याचा स्वभाव. पाण्यातला प्राणवायू कमी पडला तर वर येऊन तो हवा गिळतो आणि चक्क पोटातून तिच्यातला प्राणवायू घेतो.

आता मला सांगा, गव्हाणीत काही न टाकता बैल नुसता गोठा चाटून जगेल का? काचेवरचे शेवाळ सकराला चार दिवस पुरते. ते संपले की त्याची उपासमार सुरू होते. भुकेला सकर कधी कधी इतर माशांच्या अंगाला चिकटून त्यांच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो. मग आपण म्हणतो, हा मासा वाईट! वाईट मासा नव्हे, वाईट आहे ती त्याची उपासमार.

तेव्हा त्याला रोज खायला घाला. हे खाणे आपल्या परसातच असते. काकडीची चकती, दुधी किंवा दोडक्याची फोड, पालकाचे पान. दुधी, दोडका आणि पालक उकळत्या पाण्यातून काढून मऊ करा, गार होऊ द्या. मीठ, तेल, तिखट काही नको. भाजीवर औषध फवारलेले असेल तर ती वापरूच नका. बाकीची नीट धुऊन, साल काढून घ्या. फोड सुती दोऱ्याने धुतलेल्या खड्याला बांधली म्हणजे तळाशी राहते. दिवा मालवल्यावर ती पेटीत सोडा आणि उरलेले सकाळी काढून टाका, नाहीतर पाणी नासते. दुकानात तळाशी बुडणाऱ्या गोळ्या मिळतात, त्याही आलटून पालटून द्याव्यात. भात, पाव, पोळी मात्र घालू नये. पोट भरते की नाही हे कसे ओळखायचे? तो काचेला चिकटला की खालून पाहा. पोट किंचित गोल दिसले तर ठीक. आत गेलेले दिसले तर तो उपाशी आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. सकर जितके खातो तितकी घाणही करतो. म्हणून दर आठवड्याला पेटीतले चौथा हिस्सा पाणी बदला. गावच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकलेली असते. ते पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मगच वापरा. पाणी २४ ते २८ अंश उबदार असावे. दडायला एखादे फुटके मडके आणि चघळायला लाकडाचा ओंडका ठेवा. वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला, तर वाटीने पाणी उचलून वरून ओतत राहा. मासा हलवायचा झाला तर जाळीने नव्हे, डब्याने उचला. त्याच्या परांचे काटे जाळीत अडकतात.

आता मुख्य गोष्ट. बाजारात दोन इंचांचा मिळणारा साधा सकर वाढून फूट-दीड फुटाचा होतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटीत जेमतेम ५६ लिटर पाणी मावते. तिथे तो राहणार कसा? ज्याला हौसच आहे त्याने ब्रिसलनोज जातीचा सकर घ्यावा. तो चार-पाच इंचांपलीकडे सहसा वाढत नाही आणि शंभर लिटरच्या पेटीत सुखाने राहतो. नराच्या नाकाडावर मिशांसारखे झुपके येतात. पोरांना ते पाहायला मोठी गंमत वाटते.

मोठा झालेला मासा मग पेटीत मावत नाही. घरातले कुणी दयेने म्हणते, "सोडून द्या बिचाऱ्याला तळ्यात." मंडळी, ही दया फार महाग पडते. मेक्सिकोतल्या इन्फिएर्निलो जलाशयात हे मासे इतके माजले की तिथल्या कोळ्यांचा धंदा बसला. आपल्याकडेही कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळींत आणि केरळात ते पसरले आहेत. २०२० साली वाराणसीजवळ गंगेत असा मासा सापडला. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात. अंडी घालण्यासाठी तो काठात बिळे पोखरतो, त्यामुळे काठ ढासळतो. पाण्याबाहेरही तो कित्येक तास तग धरतो, म्हणजे सहजासहजी मरतही नाही. गावतळे, पाझर तलाव, शेततळे, ओढा, विहीर, कुठेही त्याला सोडू नका. दुकानदाराला परत करा, नाहीतर ज्याच्याकडे मोठी टाकी आहे त्याला द्या.

शिक्षक मित्रहो, वर्गात पेटी ठेवणार असाल तर आधी एक प्रश्न सोडवा: मे महिन्याच्या सुटीत तिचे काय? घरी नेणारा कुणी नसेल तर पेटी मांडूच नये. सोय असेल तर मुलांना पाळ्या लावून द्या. कुणी काय घातले, पाणी कधी बदलले, मासा किती वाढला, हे वहीत लिहू द्या. विज्ञानाचा धडा तर होईलच. पण ज्याला आपण घरात आणले त्याचे पोट आपल्या माथी असते, हा त्याहून मोठा धडाही मुले शिकतील.